चेन्नईचे ते गृहस्थ

८ मार्च २०२१, सोमवार

आज अखेर ग्रुपवर मतदान घेतलं. 'चेन्नई मराठी मेळा' या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मी असल्यामुळे ते माझं कर्तव्यच होतं. साठीच्या वरच्यांना लस सुरू झाल्यापासून रोज हमरीतुमरी. सकाळी 'सुप्रभात' म्हणायचं आणि दुपारी एकमेकांची अक्कल काढायची. मी नियम केला: लसीच्या बाजूचे असाल तर अंगठा टाका, काढ्याच्या बाजूचे असाल तर फूल. तिसरं काही टाकायचं नाही.

शेजारच्या संताजीरावांनी इडली टाकली.

संताजीराव तंजावरकडचे मराठी. बँकेतून निवृत्त झाले, आमची भिंतीला भिंत. त्यांच्या घराण्याने चेन्नईच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या काढल्या, त्यामुळे बोलणं जुन्या बखरीतलं आणि मधे मधे तमिळ. मी गॅलरीतून विचारलं, "संताजीराव, इडली म्हणजे काय समजायचं?"

"काय ओ, आम्हांस दोन्ही चालतें. लसही घेऊं, काढाही पिऊं. आधी इडली खाऊं, सेरी?"

म्हटलं, ह्याला मत म्हणत नाहीत. त्यांचं मत बाद केलं. निकाल बरोब्बर निम्मा निम्मा लागला. मला फार समाधान वाटलं. इथल्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात जन्मभर माल तपासला. पास नाहीतर नापास, मधलं काही नाही. उद्यापासून रोज एक संदेश लसीच्या बाजूचा आणि एक विरोधातला मी स्वतः टाकणार. अ‍ॅडमिनने समतोल राखला पाहिजे.

१३ मार्च

काल संताजीरावांबरोबर जाऊन अंबत्तूरच्या केंद्रावर लस घेतली. संताजीराव घरी येऊन जेवले, झोपले, उठून फिरायला गेले. मी मात्र तापलो. अगं आई गं, काय ती थंडी! विद्युलताने रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्या, सकाळी मऊ भात भरवला, आणि डावा हात उचलवेना म्हणून चहा बशीत ओतून पाजला.

उजव्या हाताने ग्रुपवर लिहिलं: "लस घेतली. डावा हात शिशाचा झाला आहे. निम्मं अंग रजेवर गेलं असून परत कामावर कधी रुजू होणार ते कळवलेलं नाही. सौ. बशीने चहा पाजत आहे. तरी कोणी घाबरू नये." खूप हसरे चेहरे आले. विद्युलताने तो मजकूर सांगलीला तिच्या बहिणीला, जयवंतीला, पाठवला. म्हटलं पाठव, चांगलं लिखाण घरात पडून राहू नये.

२ एप्रिल

आता पंचेचाळीसच्या वरच्यांनाही लस. म्हणजे विद्युलताचाही नंबर लागला. लेकीचा, ऊर्मीचा, फोन आला. तिला आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण आमच्या गल्लीला करोनामुळे तिसऱ्यांदा पत्रे ठोकलेत आणि तिचं नाव श्रीपेरुंबुदूरच्या दवाखान्यात घातलंय. नवीन, म्हणजे आमचे जावई, ओरगडमच्या कारखान्यात पाळीवर. रोज कंपनीच्या बसमधून पन्नास माणसांत बसून येतो. म्हणून ऊर्मीने अटच घातली: "आईने लस घेतली तर आई येणार. नाहीतर मी एकटी करीन."

विद्युलता "बघू" म्हणाली. फोन ठेवल्यावर भांडी घासता घासता विचारते, "मला ताप आला तर हो?"

प्रश्न रास्त होता. मी तिला लगेच दोन लेख पाठवले, एक लसीच्या बाजूचा, एक विरोधातला. बाहेरच्या खोलीत तिचा फोन दोनदा वाजला. तिने कढई जरा जोरात आपटली. हल्लीच्या कढया जड असतात.

१० एप्रिल

फार वाईट बातमी. हेरंब हे आमच्या फूलवाल्यांचे म्होरके, सकाळ-संध्याकाळ काढ्यावर असतात. त्यांनी आज टाकलं: "अत्यंत महत्त्वाचे. चेन्नईतील एका निवृत्त केंद्र सरकारी अधिकाऱ्याचा डावा हात लस घेतल्यावर कायमचा निकामी. पत्नीला बशीने चहा पाजावा लागतो. सावध व्हा."

वाचून मला गलबलून आलं. आपल्याच गावात, आपल्यासारखाच सरकारी नोकर! विद्युलताला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"फार त्रास दिला असेल हो त्यांनी बायकोला," ती म्हणाली.

मनाने फार हळवी आहे. म्हटलं, "अगं, त्या माऊलीचं काय होत असेल!"

"तेच म्हणते," ती म्हणाली आणि पोळी लाटायला लागली.

१३ एप्रिल, गुढीपाडवा

सणासुदीला ग्रुप फुटला. कारण ते चेन्नईचे गृहस्थ. अंगठेवाले म्हणाले, असा कोणी माणूसच नाही, थापा आहेत. फूलवाले म्हणाले, तुम्हांला माणुसकी नाही. मग कोणी तरी तंजावरकरांच्या मराठीवर घसरलं, कोणी पुण्याच्या आमटीतल्या गुळावर. दुपारी अंगठेवाल्यांनी वेगळा ग्रुप काढला. मी दोन्हीकडे अ‍ॅडमिन. श्रीखंडाचं बोट पडद्यावर लागून एका ग्रुपचा मजकूर दुसऱ्यात गेला आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. समतोल राखणं सोपं नाही.

संताजीराव दोन्ही ग्रुपांत नाहीत. कुणी घेतलंच नाही, मत बाद झालेलं. बिचारे एकटे पडले असतील म्हणून गॅलरीत डोकावलो, तर नवराबायको पत्ते खेळत होती. तुळजावहिनी म्हणाल्या, "उद्यां आमचें तमिळ नवें वर्ष. आंब्याची पचडी धाडतें, विद्युलतेस सांगा." ही पचडी कुठल्या बाजूची धरायची हे मला कळेना. पण चांगली असते.

२७ एप्रिल

गृहस्थांची तब्येत खालावली. आता अर्धांगवायू. डावी बाजू पूर्ण गेली, वाचाही बसली म्हणतात. मुलगी गरोदर आहे असंही आज कळलं. देव एकेकाच्या मागे किती लागतो! मी दोन्ही ग्रुपवर रात्री आठला रामरक्षा ठेवली. फूलवाले आले. अंगठेवाल्यांतले तिघे कॅमेरा बंद करून आले.

माझा दुसरा डोस पुढच्या आठवड्यात आहे. तूर्त थांबावं असं ठरवलं. भीती नाही, पण एका माणसाचं उदाहरण डोळ्यांसमोर असताना घाई कशाला?

संध्याकाळी ऊर्मी फोनवर रडली. "बाबा, आईला घेऊन या ना. इथे मला रात्री भीती वाटते. नवीन पाळीवर असतो. कोण असणार माझ्याजवळ?" मला कसंसंच झालं. पोर लहानपणी पडली तरी रडायची नाही. मी तिला शांतपणे दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. तिने मधेच फोन ठेवला. तिकडे रेंज नसते.

विद्युलता अंधारात बसली होती. विचारलं, "लस घेतेस का?" म्हणाली, "आणि मीच पडले तर? बाळंतिणीकडे जायचं राहील, आणि इथे?" मी म्हटलं, ग्रुपवर विचारून बघतो, इतरांच्या घरी काय अनुभव आहे. ती उठून आत गेली.

६ मे

गृहस्थ गेले.

दुपारी बातमी आली आणि हातातला घास तसाच राहिला. संध्याकाळी ऑनलाइन शोकसभा घेतली. अध्यक्षस्थानी मीच. त्यांचं नाव माहीत नसल्याने "आपल्यातून निघून गेलेले ते सद्गृहस्थ" असं म्हणत बोललो. म्हटलं, शिस्तीचा, निःपक्षपाती, देशासाठी नोकरी केलेला माणूस असणार. अशी माणसं आता उरली नाहीत. पुष्कळांनी नंतर फोन करून सांगितलं, उमाकांतराव, जणू तुमच्या घरचंच कुणी गेलं.

विद्युलता पदर तोंडाला लावून मागे उभी होती. खांदे हलत होते. मी तिला थोपटलं. तिला आणखीच उमाळा आला आणि ती स्वयंपाकघरात पळाली.

९ मे, रविवार

उद्यापासून लॉकडाऊन. त्याआधी त्या घरी जाऊन दारातून तरी सांत्वन करावं म्हणून हेरंबांना पत्ता विचारला. त्यांना माहीत नाही. "मला नाशिकच्या व्याह्यांनी पाठवलं," म्हणतात. संताजीरावांना सांगितलं तर म्हणाले, "पत्ता तर काढा, मीही येतों. मेलेला मनुष्य बघायचा राहिलाच आहे." मला हे बोलणं आवडलं नाही.

पण पत्ता काढणं हे माझं जन्मभराचं काम. कारखान्यात नापास माल आला की मी ओरडत नसे. मागे मागे जायचो. जोडणीतून यंत्राकडे, यंत्रातून धातूकडे, कुठे बिघडला ते सापडेपर्यंत. आज तसाच बसलो. प्रत्येकाला एकच प्रश्न: तुम्हांला कुणी पाठवलं आणि तुम्ही त्यात काय बदललंत?

११ मे

लागला पत्ता.

सगळं सरळ लिहून ठेवतो, म्हणजे मला तरी समजेल. हेरंबांनी फक्त "अत्यंत महत्त्वाचे" जोडलं होतं. नाशिकच्या व्याह्यांना वाटलं, 'अंग रजेवर गेलं' हे भारदस्त वाटत नाही, म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी 'अर्धांगवायू' केलं. त्यांना पाठवणाऱ्या पुण्याच्या योगवर्गातल्या बाईंनी 'शिशाचा' ऐवजी 'निकामी' लिहिलं, लोकांनी गांभीर्याने घ्यावं म्हणून. गरोदर मुलीची माहिती मूळ ठिकाणाहून आली होती आणि खरी होती. गृहस्थ गेले कसे, तर योगवर्गाने तब्येत विचारली आणि दोन दिवस उत्तर आलं नाही, म्हणून गेले असं धरलं. उत्तर आलं नाही कारण मूळ मजकूर पाठवणाऱ्या घरचा फोन दुरुस्तीला होता. खोटं एकानेही लिहिलेलं नाही. जो तो थोडं थोडं चांगलंच करत गेला.

आणि योगवर्गाच्या बाईंना मजकूर पाठवला होता सांगलीच्या जयवंतीने. "भावजींचं नाव कशाला जगजाहीर करा," म्हणून नाव काढून.

फोन ठेवला तेव्हा हात गार पडले होते. दोन्ही हात. तसाच स्वयंपाकघरात गेलो.

"विद्युलता, ते गृहस्थ मीच!"

तिने आमटीला फोडणी दिली. "मग? मला पहिल्याच दिवशी कळलं. बशीने चहा प्यायलेला दुसरा सरकारी नोकर कुठून आणायचा?"

"मग बोलली का नाहीस? मी शोकसभा घेतली!"

"किती छान बोललात हो. शिस्तीचा, निःपक्षपाती..." आणि ती ओट्याला टेकून पोट धरधरून हसायला लागली. म्हणजे त्या दिवशी तो उमाळा नव्हता.

मी चिडलो. म्हटलं, सगळं माहीत होतं तर लस का नाही घेतलीस? तिकडे पोर रडतेय!

हसणं थांबलं. तिने गॅस बंद केला. "मला कुणी विचारलं?"

"मी तर सगळ्यांची मतं..."

"सगळ्यांची. नाशिकची, सांगलीची, त्या हेरंबांची. मी दोनदा विचारलं, मला ताप आला तर? तुम्ही लेख पाठवलेत. तुम्ही तापलात तेव्हा उशाशी मी होते. मी तापले तर उशाशी कोण? तुम्ही ग्रुपवर टाकाल, 'सौ.ला ताप आहे, अंगठा की फूल?'"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसण्याचं नव्हतं. छत्तीस वर्षांच्या संसारात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ताटं मांडली. तीही उलटी मांडली, वाटी डावीकडे.

१२ मे

दोन्ही ग्रुपवर जाहीर केलं: "चेन्नईचे ते गृहस्थ मी आहे. जिवंत आहे. हात चांगला आहे. लस घ्यावी."

हेरंबांनी लिहिलं, "अ‍ॅडमिनवर दबाव आला आहे." अंगठेवाले म्हणाले, हा मनुष्य आधीपासून फूलवाल्यांना सामील होता. मी डाव्या हाताने पाण्याची कळशी उचलतानाचा व्हिडिओ टाकला. दोघांनी लिहिलं, व्हिडिओ जुना आहे. एकाने विचारलं, कळशी भरलेली होती कशावरून? योगवर्गाच्या बाईंनी माझ्या आत्म्यास शांती लाभो असं पुन्हा लिहिलं. माणसाने स्वतः येऊन सांगितलं तरी लोकांना पटू नये म्हणजे कमाल झाली.

शेवटी दोन्ही ग्रुपचं अ‍ॅडमिनपद सोडलं. संताजीरावांना सांगितलं तर म्हणाले, "बरें झालें. आतां तुमचेंही मत बाद. या, पत्ते खेळूं."

मी म्हटलं पत्ते नकोत, वहिनींकडून रस्सम शिकायचंय.

१४ मे

सरकारने दोन डोसांतलं अंतर वाढवलं. म्हणजे मी थांबलो ते बरोबरच होतं. विद्युलताला हे दाखवणार होतो, पण ती कपडे वाळत घालत होती. म्हटलं, आण, मी घालतो. नंतर दाखवायचं राहून गेलं.

वहिनी भिंतीपलीकडून सांगतात आणि मी इकडे करतो. आजचं रस्सम त्यांनी चमच्याने चाखलं आणि म्हणाल्या, "अय्यो, हें आजाऱ्यास देऊं नका, धडधाकटास द्या." उद्या पुन्हा.

१७ मे, सोमवार

काल रात्री तिच्याजवळ बसून विचारलं, "तुला नक्की कसली भीती वाटते?" फोन दुसऱ्या खोलीत ठेवून विचारलं. खूप वेळ बोलली. लसीबद्दल पाच मिनिटं. बाकी ऊर्मीच्या वेळच्या बाळंतपणाबद्दल. सासूबाई गावी, मी रात्रपाळीला, शेजारची तमिळ बाई हात धरून बसलेली, तिची भाषा हिला येत नव्हती. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ऊर्मीला तसं एकटं राहावं लागू नये एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्या आधीच आपण आडवे होऊ ह्याचीच धास्ती.

आज सकाळी तिने लस घेतली. सुई टोचताना माझा हात इतका दाबला की नर्सबाईंनी विचारलं, दोघांनाही टोचली का? दुपारीच म्हणाली, अंगात कणकण वाटते. निजवलं. ऊर्मीला फोन केला, आईने घेतली. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "नवीन ई-पास काढतो. गुरुवारी न्यायला येईल."

१८ मे

ताप मोजला, अठ्ठ्याण्णव. पण ती म्हणते, आतून आहे. घड्या ठेवल्या. मऊ भात केला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा बरा झाला. केर काढला, दूध तापवलं, रस्सम केलं. उशी अशी हवी, तशी नको. पंखा कमी, पंखा जास्त. पाय जरा चेपा. तापातलं माणूस असंच करतं. मधूनच तुळजावहिनी दारातून बघून गेल्या. दोघींचं काही तरी बोलणं झालं आणि वहिनींना एकदम खोकल्याची उबळ आली. तोंडावर पदर घेऊन घरी गेल्या. काळजी घ्यायला हवी त्यांनी.

१९ मे

आजही अठ्ठ्याण्णव. थर्मामीटर बिघडलेला दिसतोय; संताजीरावांचा आणला, तोही बिघडलेला. विद्युलता मलूल आवाजात म्हणाली, "शिरा खावासा वाटतो, तोंडाला चव नाही." शिरा केला. दोनदा घेतला. तापातही भूक टिकून आहे हे चांगलं लक्षण.

संध्याकाळी ऊर्मीने विचारलं, "आईला ताप किती आहे, बाबा?" मी खरं ते सांगितलं. ती अशी हसत सुटली की नवीनने घाबरून फोन घेतला. "बाबा," ती मागून ओरडत होती, "तुम्ही आईची अशीच सेवा करा हं!" तिला महिनाभरात पहिल्यांदा हसताना ऐकलं. दिवस भरत आले की मुली अशाच उगाच हसतात म्हणे.

विद्युलताला म्हटलं, उद्या गुरुवार, नवीन येतोय, आणि तुझा ताप असा. जमेल का जायला? माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

तिने माझा हात हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. म्हणाली, सकाळी चहा झाला की ताप उतरेल, काळजी करू नका. तिला आधीच कसं कळतं, कोण जाणे.